एकाच फोल्डरमध्ये ३८ लाख पावत्या, आणि फरक बिल अडकलंय

साडेतीन फॅट | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय आणि माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून एवढ्या रात्री धागा काढतोय.

मी एका दूध संघात कॉम्प्युटर विभाग बघतो. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. आमची ६२ संकलन केंद्रं, उत्पादक साधारण २,६००. सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की वजन होतं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) लागतं आणि त्या नोंदीची एक टेक्स्ट फाइल सर्व्हरवर येऊन पडते. एक उत्पादक, एक वेळ, एक फाइल. नावात आधी केंद्राचा तीन आकडी नंबर, मग उत्पादकाचा पाच आकडी नंबर, मग तारीख, शेवटी सकाळ असेल तर एम आणि संध्याकाळ असेल तर ई. आत सात-आठ ओळी: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. तीनशे बाइटच्या आसपास.

हे सगळं २०२२ च्या दिवाळीपासून एकाच फोल्डरमध्ये पडतंय. रोजच्या ५,२०० फायली. ज्या पोरानं प्रोग्राम लिहिला तो आता दुबईला असतो. कोडमध्ये त्या ओळीच्या वर त्यानं शेरा मारून ठेवलाय: 'सध्या इथेच, पुढे बघू'. पुढे म्हणजे मीच निघालो.

दर दहा दिवसांनी बिलं काढायची असतात. सुरुवातीला बटण दाबून चहा घेऊन येईपर्यंत काम व्हायचं. मग अर्धा तास झाला, मग दीड. परवा ११ तारखेला पावणेचार तास लागले. तेही मी सोसलं असतं, पण आता वर्षाचा फरक काढायचाय, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातली उरलेली रक्कम, जी दिवाळीला उत्पादकांना द्यायची असते. आज सकाळी दहाला प्रोग्राम सुरू केला. संध्याकाळी सातला बघतो तर ६२ पैकी चार केंद्रं झालेली! या हिशेबानं लोकांच्या हातात फरक तुळशीच्या लग्नाला पडेल.

मशीन साधंच आहे. उबुंटू १८.०४, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, त्यावर डेटासाठी १०० जीबीचं पार्टिशन, फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) ईएक्सटी४. प्रोग्राम पीएचपीमध्ये आहे. फोल्डरमध्ये जाऊन नुसतं 'एलएस' (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारलं की पुटीची, म्हणजे सर्व्हरला आज्ञा द्यायची, खिडकी काळी ती काळीच. काल वैतागून बंद केली.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक वाटली. बिलं चालू असताना टॉपमध्ये (कुठला प्रोग्राम किती सीपीयू खातो ते दाखवणारी आज्ञा) पीएचपी ९९ टक्के सीपीयू खातोय, आणि डिस्कचा दिवा जवळजवळ विझलेला. डिस्क हळू असेल तर दिवा लुकलुकायला नको का?

जाणकारांनी मार्ग दाखवावा. चेअरमनसाहेब रोज दोनदा दारातून डोकावून जातायत.

---

बे एके बे | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

एसएसडी टाका. फिरत्या डिस्कवर लाखो फायली म्हणजे बैलगाडीला हायवेवर काढण्यासारखं आहे. आणि ईएक्सटी४ सोडा, एक्सएफएस घ्या. रेड हॅटनं २०१४ मध्ये आवृत्ती ७ पासून तीच डिफॉल्ट केलीय, उगाच नाही.

---

रात्रपाळी | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

बे एके बे, त्यांनी दिव्याबद्दल काय लिहिलंय ते वाचलंत का? डिस्क रिकामी बसलीय आणि सीपीयू घाम गाळतोय. एसएसडी आणली तर ती अजून झकास रिकामी बसेल. एक्सएफएस चांगलीच आहे, पण दिवाळीच्या तोंडावर डेटाचं पार्टिशन मोडून नवं करायचं? चेअरमन मग डोकावणार नाहीत, आत येऊन बसतील.

साडेतीन फॅट, आधी 'एलएस'चं. ते फोल्डरमधली सगळी नावं गोळा करतं, मग त्यांना अकारविल्हे लावतं आणि मगच पहिली ओळ छापतं. वर उबुंटूत 'एलएस'ला रंग लावून दिलेले असतात. कुठली फाइल चालवण्याजोगी आहे हे कळल्याशिवाय रंग ठरत नाही, म्हणून ते प्रत्येक फाइलीचा इनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद, उघडून बघतं. ३८ लाख इनोड. तिथे मात्र तुमचा दिवा लुकलुकला असेल. 'एलएस'ला लहान एफचा पर्याय द्या. लावालावी नाही, रंग नाही, नावं सापडतील तशी धडाधड पडायला लागतील. पडद्यावर नकोत, डब्ल्यूसीकडे पाठवून नुसत्या ओळी मोजा.

मला तीन गोष्टी हव्यात. 'डीएफ'ला आय पर्याय देऊन काय दिसतं, म्हणजे किती इनोड वापरले गेलेत. 'एलएस'ला एल आणि डी देऊन खुद्द त्या फोल्डरचा आकार किती दिसतो, आतल्या फायलींचा नाही. आणि पीएचपीत फायली शोधण्याची जी ओळ आहे ती जशी आहे तशी सांगा. माझा संशय त्या ओळीवर आहे.

---

साडेतीन फॅट | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

धन्यवाद रात्रपाळीसाहेब.

लहान एफ लावून मोजलं, ३८ लाखांच्या थोडं वर आलं. दहा-बारा सेकंदांत! मी दोन वर्षं त्या काळ्या खिडकीला घाबरत होतो.

डीएफ आय: एकूण इनोड ६५,५३,६००, वापरलेले साधारण ४२ लाख.

फोल्डरचा आकार: १७,०४,७५,५२० बाइट. हे १७ कोटी मला आधी आतल्या फायलींचे वाटले. तुम्ही सांगितलं म्हणून कळलं की नुसत्या नावांच्या यादीचंच वजन एवढं आहे.

आता ती ओळ. प्रत्येक केंद्रासाठी, त्यात प्रत्येक तारखेसाठी, त्यात सकाळ आणि संध्याकाळसाठी 'ग्लॉब' नावाचं फंक्शन बोलावलंय. त्याला नमुना दिलाय: केंद्र नंबर, मग चांदणी (म्हणजे 'इथे काहीही चालेल'), मग तारीख, मग एम किंवा ई. जेवढ्या फायली मिळतील तेवढ्या उघडून बेरीज.

---

रात्रपाळी | १६ ऑक्टोबर, दुपारी १:४५

साहेब नको, ताई चालेल.

सापडला चोर. 'ग्लॉब' फार साधं-भोळं आहे. '०४७ ने सुरू होणारी नावं दे' म्हटलं की आपल्याला वाटतं ते थेट ०४७ च्या कप्प्यात हात घालेल. तसा कप्पा तिथे नसतोच. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ३८ लाख नावं वाचतं, प्रत्येक नाव नमुन्याशी ताडून बघतं आणि त्यातली ४०-४२ तुमच्या हातात ठेवतं. मग तुम्ही संध्याकाळच्या मागता. ते पुन्हा पहिल्या नावापासून सुरू.

हिशेब करा. दहा दिवसांच्या बिलाला ६२ केंद्रं गुणिले १० दिवस गुणिले २ वेळा, म्हणजे १,२४० ग्लॉब. तुमच्याकडे एका फेरीला दहा-बारा सेकंद लागतात, ११ धरा. झाले १३,६४० सेकंद, म्हणजे तुमचे पावणेचार तास. फरकासाठी ३६५ दिवस, म्हणजे ४५,२६० ग्लॉब. तेवढ्याला १३८ तास लागतात, पावणेसहा दिवस. एका केंद्राला सव्वादोन तास पडतात, म्हणून काल नऊ तासांत चारच झाली.

नावांची १७ कोटी बाइटची यादी पहिल्या फेरीतच रॅममध्ये येऊन बसली. म्हणून दिवा विझलेला आणि सीपीयू तापलेला. एसट्रेस (प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) लावून बघा, एका ग्लॉबमागे गेटडेंट्स६४ ची, म्हणजे फोल्डरमधली नावं मागण्याची, साडेपाच हजारांवर बोलावणी दिसतील. एका वेळी ३२ केबीची परडी भरून नावं येतात, तुमच्या २४ अक्षरी नावांची एका परडीत ६८२ मावतात.

आता ईएक्सटी४ ची बाजू घेते, बिचारीला फुकट शिव्या बसतायत. जुन्या ईएक्सटी२ मध्ये डिरेक्टरी म्हणजे एक लांबलचक वही होती, एक नाव शोधायचं तरी ओळीनं वाचत जायचं. डॅनियल फिलिप्स यांनी त्यावर एचट्री नावाची अनुक्रमणिका बसवली. नावाचा हॅश (नावावरून गणितानं काढलेला आकडा) काढायचा आणि त्यावरून दोन-तीन ब्लॉक वाचून नेमक्या पानावर पोचायचं. ईएक्सटी४ मध्ये ही सोय सुरुवातीपासून चालू असते. म्हणजे पूर्ण नाव घेऊन फाइल मागितलीत तर आत ३८ हजार आहेत की ३८ लाख, याचा फारसा फरक पडत नाही. तुमच्या ४१,६२० ब्लॉकच्या डिरेक्टरीतही नाही. महाग पडतो तो एकच प्रश्न, 'आत काय काय आहे?' आणि तुमचा प्रोग्राम तोच प्रश्न ४५ हजार वेळा विचारतोय.

तुम्हाला तो विचारायची गरजच नाही. केंद्र माहीत आहे, तारीख माहीत आहे, उत्पादकांची यादी तुमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असणारच. नाव तयार करा आणि थेट उघडा. फाइल नसेल तर त्या वेळेला त्यानं दूध घातलं नाही, पुढे चला. ग्लॉब काढून टाका.

फक्त एक सांभाळा. लूपमध्ये तारीख बाहेर ठेवा, केंद्र आत. सध्या उलटं आहे. एका दिवसाच्या फायली डिस्कवर साधारण शेजारीशेजारी लिहिल्या गेल्यात. केंद्र धरून वर्षभर फिरलात तर डिस्कची सुई प्रत्येक फाइलीला उडी मारेल.

---

खडीसाखर | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मुळात तीनशे बाइटला स्वतंत्र फाइल कशाला? प्रत्येक पावती डिस्कवर ४ केबीचा ब्लॉक अडवून बसते. ३८ लाख पावत्यांचा खरा मजकूर सव्वा जीबीसुद्धा नाही, जागा गेली १५ जीबी. डेटाबेसच्या एका टेबलात केंद्र, उत्पादक, तारीख, वेळ यांवर इंडेक्स टाका, सगळा फरक एका क्वेरीत. एसक्यूलाइटवाले तर उघड सांगतात की १० केबीच्या आसपासचे तुकडे सुट्या फायलींपेक्षा त्यांच्या डेटाबेसमधून लवकर वाचले जातात.

---

रात्रपाळी | १६ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

खडीसाखर, शंभर टक्के मान्य. पण दिवाळीनंतर. आत्ता त्यांना पाच ओळी बदलू द्या.

---

साडेतीन फॅट | १७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

ताई, आधी तुमचं न ऐकल्याची कबुली देतो.

ग्लॉब काढलं, नाव बनवून थेट फाइल उघडायला लावली, पण लूप उलटवायचा कंटाळा केला. म्हटलं, पावणेसहा दिवसांवरून एवढं खाली आलं तर पुरे. फरक सुरू केला. एका केंद्राला चार मिनिटं. दिवा मात्र वेड्यासारखा लुकलुकतोय आणि डिस्कमधून कोंबडीनं माती उकरावी तसा आवाज. ६२ केंद्रांचे चार तास झाले असते. दोन केंद्रं झाल्यावर थांबवलं, तारीख बाहेर घेतली, मशीन मुद्दाम रिबूट केलं आणि पुन्हा सोडलं.

३१ मिनिटं. अख्ख्या वर्षाचा फरक, १९ लाख पावत्या.

आधी विश्वास बसला नाही. परवा झालेल्या चार केंद्रांचे आकडे जुन्या यादीशी लावून बघितले. पैशापर्यंत जुळले. मग दहा दिवसांचं बिल काढून बघितलं. रिबूटनंतर पहिल्यांदा साडेसहा मिनिटं, लगेच दुसऱ्यांदा काढलं तर ९ सेकंद. पहिल्यांदा डिस्कवरून आणि दुसऱ्यांदा रॅममधून, बरोबर ना?

चेअरमनसाहेबांना प्रिंट दिल्या. ते म्हणाले, 'मग गेली दोन वर्षं काय करत होता?' असो.

आता फोल्डरचं बघू. पुढच्या फायली तारखेप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकाव्यात असा विचार आहे. जुन्या ३८ लाख कशा हलवू? 'एमव्ही'ला चांदणी देऊन बघितली, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणतंय.

---

रात्रपाळी | १८ ऑक्टोबर, पहाटे २:३०

नावाप्रमाणे रात्रपाळीवर आहे, निवांत लिहिते.

चांदणीचा विस्तार शेल करतं. ३८ लाख नावं एका आज्ञेच्या शेपटीला बांधून कर्नेलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) द्यायला जातं, आणि त्या शेपटीला साधारण २ एमबीची मर्यादा असते. यात 'एमव्ही'चा दोष नाही.

तारखेचे फोल्डर हा निर्णय योग्य. वर्ष, त्यात महिना, त्यात दिवस. दिवसाला ५,२०० फायली म्हणजे काहीच नाही. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) हॅशची पहिली दोन अक्षरं घेऊन २५६ फोल्डर करतं ते बघून लोक कुठेही तसंच करायला जातात. गिटच्या नावांना कसलाच क्रम नसतो म्हणून त्याला ते करावं लागतं. तुमच्याकडे पंचांग आहे. उद्या २०२२ चं वर्ष बांधून कपाटात ठेवायचं झालं तर एकच फोल्डर उचलायचा.

हलवण्याआधी एक लक्षात घ्या. ईएक्सटी४ ची डिरेक्टरी फुगते, पण आतल्या फायली काढल्या म्हणून ओसरत नाही. सगळ्या ३८ लाख बाहेर नेल्यात तरी तो रिकामा फोल्डर १७ कोटी बाइटचाच राहील आणि नुसतं आत डोकावायलाही वेळ खाईल. पार्टिशन अनमाउंट करून ईटूएफएससीके या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेला कॅपिटल डी देऊन तो आकसता येतो, पण तुम्हाला सोपा मार्ग आहे. सकाळचं संकलन संपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू होण्याआधी फोल्डरचंच नाव बदला. आत कितीही फायली असोत, हे क्षणात होतं, कारण बदलते ती फक्त वरच्या डिरेक्टरीतली एक नोंद. मग जुन्या नावानं नवा कोरा फोल्डर करा. मालक आणि परवानग्या जुन्यासारख्याच द्यायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी ६२ केंद्रांतून फोन.

जुन्या फोल्डरमधून मग सावकाश हलवा. यादी एकदाच काढा, इनोड नंबरासकट, आणि इनोडच्या क्रमानं लावा. डिरेक्टरी नावं देते ती हॅशच्या क्रमानं, आणि तो क्रम डिस्कच्या दृष्टीनं पत्ते पिसल्यासारखा असतो. त्याच क्रमानं एकेक फाइल हाताळली की परवाची कोंबडी पुन्हा उकरायला लागते. ईएक्सटी४ सांभाळणारे टेड त्सो यांनी याच दुखण्यासाठी नावं इनोडप्रमाणे लावून देणारी एक छोटी लायब्ररी लिहिली होती, एसपीडी रीडडिर. तुम्हाला ती नको, 'सॉर्ट' पुरे.

आणि 'फाइंड' (फायली शोधून त्यांवर काम करणारी आज्ञा) वापरणार असाल तर माझी गोष्ट ऐका. दहा-बारा वर्षांपूर्वी एका ग्राहकाची वेबसाइट बंद पडली. त्रुटी: 'डिस्कवर जागा नाही'. डीएफ दाखवतंय ६० टक्के रिकामी. तासभर सगळे चक्रावलेले. शेवटी कुणीतरी डीएफला आय लावला आणि मोकळे इनोड शून्य दिसले. त्यांच्या प्रोग्रामनं पीएचपीची सेशन्स (साइटवर येणाऱ्यांच्या तात्पुरत्या नोंदींच्या फायली) स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये वळवली होती. डेबियनमध्ये पीएचपीची स्वतःची झाडलोट बंद ठेवलेली असते, ते काम क्रॉन (ठरल्या वेळी कामं उरकणारा प्रोग्राम) करतो, आणि क्रॉनला हा फोल्डर ठाऊकच नव्हता. लाखो मेलेली सेशन्स तिथे साचलेली. मी शहाणी, 'फाइंड' घेऊन बसले. 'सेशन नावाच्या, जुन्या, पुसून टाक' असं लिहायचं होतं. घाईत 'पुसून टाक' आधी लिहिलं आणि अटी नंतर. 'फाइंड' डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी पुसतं, मग नाव तपासतं. त्याच फोल्डरच्या पोटात ग्राहकांनी चढवलेले फोटो होते. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून नोकरी राहिली. तेव्हापासून पुसण्याआधी तीच ओळ एकदा नुसती छापून बघते, आणि पहिल्या वीस ओळी बोट लावून वाचते.

तुमच्याकडेही ती वेळ येणारच आहे. ६५ लाखांतले ४२ लाख इनोड गेले. रोज ५,२०० प्रमाणे राहिलेले सव्वा वर्ष पुरतील. ईएक्सटी४ मध्ये इनोड फॉरमॅट करतानाच ठरतात, १६ केबीमागे एक, नंतर वाढत नाहीत. इथे बे एके बे यांचं खरं आहे, एक्सएफएस लागतील तसे इनोड बनवत जाते. पण खडीसाखर म्हणतात तसं पावत्या टेबलात गेल्या की हा प्रश्नच उरत नाही.

---

बे एके बे | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:००

चला, निम्मा तरी पास झालो.

---

साडेतीन फॅट | २२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

उशिरा लिहितोय, फरकाच्या याद्या केंद्रांवर पोचवण्यात चार दिवस गेले.

शनिवारी सकाळी दहाला फोल्डरचं नाव बदललं. ताई म्हणाल्या तसं खरंच डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मी उगाच दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून बसलो होतो. नवा फोल्डर केला, परवानग्या दिल्या. तरी संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजला तेव्हा पोटात गोळा आला. एका केंद्राचं फॅट मशीन बंद पडलं होतं, सर्व्हरचा संबंध नव्हता.

जुन्या फायली इनोडच्या क्रमानं रात्री दहानंतर हलवतोय. २०२२ झालं, २०२३ ऑगस्टपर्यंत आलोय. टेबलाचं काम दिवाळीनंतर, खडीसाखर यांना तेव्हा पुन्हा त्रास देईन. दुबईच्या पोराला सगळं कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

ताई, एक शंका. मोकळा झाल्यावर तो जुना फोल्डर पुसू की ऑडिट होईपर्यंत राहू देऊ? आज दुपारी सवयीनं त्यात शिरून साधं 'एलएस' मारलं गेलं. खिडकी काळी झाली. जेवून आलो तरी काळीच होती.

---

रात्रपाळी | २३ ऑक्टोबर, पहाटे १:१५

राहू द्या. पण आत शिरायची परवानगी स्वतःचीच काढून घ्या.